मेंढरांचे जंत: औषध लागू पडेना, बाभूळ-हिवराच्या पाल्याचा अनुभव कोणाला आहे का?

बालाघाटी:
नमस्कार मंडळी. मी पाटोदा तालुक्यातला, बीड जिल्हा. घरची दख्खनी मेंढरं आहेत. राखायचं काम वडील आणि धाकट्या भावाकडं, औषधपाणी माझ्याकडं.

पोळा जवळ आला की दरवर्षी आमच्याकडं एकच चाल असते. कोकरं सुकायला लागतात, लोकर ओढली तर हातात येते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते आणि मग एक दिवस जनावर बसतं ते उठत नाही. हगवण मात्र नसते. लेंडी चांगली बांधलेली असते, म्हणून शेजारपाजारचे जंत मानायलाच तयार होत नाहीत. शेवटी डॉक्टरांनी मेलेलं कोकरू फाडून चौथं पोट उलटं करून दाखवलं. आतल्या अस्तरावर दोऱ्याएवढे बारीक किडे, एकेक बोटाच्या पेरापेक्षा लांब नाही, अंगात लाल-पांढरा पीळ असलेले. बोटानं बाजूला केले तर खाली अस्तरावर रक्ताचे ठिपके.

अल्बेंडाझोल पाजतो, पावसाळ्याआधी आणि मधेही. पूर्वी फरक दिसायचा. आता पाजून पंधरवडा होत नाही तोवर डोळे, म्हणजे पापणीच्या आतलं मांस, पुन्हा पांढरे.

हा धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या शिवाराला लागून माळ आहे, त्यावर हिवर, बोर, बाभूळ बऱ्यापैकी शिल्लक आहे. तिथं एक धनगराचा वाडा पावसाळाभर असतो. पाऊस तोच, गवत तेच, पण त्यांच्याकडं मरतुक आमच्यापेक्षा कमी. त्यांची मेंढरं दुपारनंतर पाल्यावर असतात, आमची ओढ्याकाठच्या हिरव्या गवतावर. वडील म्हणतात, पाला खाणारं मेंढरू जंतानं मरत नाही. यात तथ्य किती? कोणता पाला, किती, कधी? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

मन्याड:
आमच्याकडं कंधार भागात म्हातारी माणसं पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, कुटून गुळातून देतात. मामा अजून देतात. गुण येतो म्हणतात. पण किती द्यायची ते प्रत्येकाचं वेगळं. आमचीबी कोकरं मरायलेत भाऊ, धागा वाचतो आहे.

गुरांचा_दवाखाना:
बालाघाटी, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की निदान त्यातच आहे. हगवण नाही, डोळे पांढरे, जबड्याखाली पाणी, चौथ्या पोटात पिळाचे किडे: हा हिमॉन्कस. रक्त पिणारा जंत. एक किडा दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. थेंबभरच वाटेल, पण पोटात ५,००० किडे असतील तर रोजचं पाव लिटर जातं, आणि १५ किलोच्या कोकराच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं लिटरभर.

मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ती लेंडीबरोबर रानात पडतात. ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात त्यांतून अळी तयार होऊन गवताच्या पात्यावर चढते. मेंढीनं ती खाल्ली की तीन आठवड्यांत तिच्या लेंडीत पुन्हा अंडी. मृगाला पाऊस लागला तर पोळ्यापर्यंत दोन-तीन पिढ्या होतात. तुमची मरतुक पोळ्यालाच का सुरू होते, त्याचं उत्तर इथं आहे.

आता पाल्याचं. वडिलांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याची कारणं दोन आहेत. ती वेगळी ठेवली नाहीत तर घोटाळा होतो.

पहिलं कारण साधं आहे. अळी ओलीच्या आधारानं चढते, पण फार वर जात नाही. बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन इंचांच्या आत असतात. मेंढरू मान वर करून हिवराची डहाळी खातं तेव्हा त्या घासात अळी नसतेच. पाल्यात औषधी गुण काहीही नसता तरी एवढा फायदा झालाच असता.

दुसरं कारण म्हणजे टॅनिन. बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीनं कातडं कमावतात ते याच द्रव्यामुळं. पाला चावला की तोंडाला तुरट लागतो तोही यानंच. टॅनिनचा गुण प्रथिनाला धरून ठेवायचा. कोठी पोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, ते चाऱ्यातल्या प्रथिनाला धरतं, त्यामुळं तिथल्या जिवाणूंच्या हाती ते प्रथिन लागत नाही. चौथ्या पोटात आम्ल असतं, तिथं ही पकड सुटते आणि प्रथिन पुढं आतड्यात मेंढीच्या अंगी लागतं. जंताशी झुंजायला आणि गेलेलं रक्त भरून काढायला मेंढीला प्रथिनच लागतं. शिवाय टॅनिन थेट जंतावरही काम करतं. पोटात आलेल्या अळीला अंगावरची कात टाकून रुजायला अडचण होते आणि मोठ्या माद्या अंडी कमी घालतात.

इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत हिमॉन्कस झालेल्या मेंढ्यांना पेरूचा पाला आणि वडा-पिंपळाच्या कुळातल्या पाकरीचा पाला वाळवून, एकत्र करून खाऊ घातला होता. त्यात लेंडीतली अंडी कमी झाली. म्हणजे विषय नुसत्या ऐकीव गोष्टींचा नाही.

पण ठळक सांगतो: पाला जंत पाडत नाही. तो जंताचा जोर कमी करतो. ज्या मेंढीचे डोळे पांढरे झालेत तिला त्या दिवशी औषधच लागतं. पाल्याच्या भरवशावर तिला ठेवलं तर ती जाईल.

हिशोबी:
सगळ्यांचा मान राखून विचारतो. पाल्यानं जंत आटोक्यात राहत असते तर शेळ्यांना जंत झालेच नसते. शेळी दिवसभर पालाच खाते. आमच्या उस्मानाबादी शेळ्या पावसाळ्यात मेंढरांइतक्याच पडतात. अल्बेंडाझोल चालत नाही तर क्लोसँटेल आहे, लेव्हामिसोल आहे, आयव्हरमेक्टिन आहे. औषध बदला, मोकळे व्हा. गरीब माणसाला पाला तोडायला लावण्यात त्याची मजुरी जाते, ती कोण मोजतो?

गुरांचा_दवाखाना:
हिशोबी, शेळीचा मुद्दा तुम्ही काढलात ते फार चांगलं झालं, कारण तो पाल्याच्या बाजूनं जातो. शेळीची जात वर मान करून खाणारी. तिला गवतावरच्या अळ्यांशी फारसा संबंध आला नाही, म्हणून जंताविरुद्धची ताकद तिच्या अंगात मेंढीपेक्षा कमी. ती पाल्यावर असेपर्यंत तगते. झाडं संपली, तिला बांधावरच्या नि ओढ्याच्या गवतावर उतरवलं की मेंढीच्या आधी शेळी पडते. तुमच्या शेळ्या पावसाळ्यात नेमक्या काय खातात ते आठवडाभर बघा.

औषध बदलायचं म्हणता, ते कधीकधी करावंच लागतं. पण प्रत्येक औषधाचं आधीच्यासारखंच होतं. दर वेळी सगळ्या कळपाला पाजलं की औषधाला न मरणारे तेवढे जंत मागं उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच. सगळ्यात घातक वेळ म्हणजे मे महिना. रान तापलेलं, गवतावर अळी जिवंत नाही, जे काही जंत आहेत ते मेंढरांच्या पोटात दबून बसलेले. तेव्हा सगळ्यांना पाजलं तर पहिल्या पावसाला रानात जी अंडी पडतात ती फक्त औषध पचवलेल्या जंतांची. म्हणून चार धडधाकट मेंढ्या बिनऔषधी सोडायच्या. त्यांच्या पोटातले साधे जंत रानात पडू दे. पुढच्या पिढीत त्यांची भेसळ झाली तरच औषधाची धार टिकते.

क्लोसँटेल रक्त पिणाऱ्या जंतावर चांगलं आहे, पण मात्रा वाढली तर जनावर आंधळं होतं. अंदाजानं पाजायचं औषध नाही ते.

मजुरीचा मुद्दा मान्य. त्याचं उत्तर तोडणाऱ्यांनीच द्यावं.

कयाधूकाठ:
मी देते उत्तर. हिंगोली जिल्ह्यातली आहे. माझ्याकडं थोडीच मेंढरं नि शेळ्या, बचत गटातून घेतलेल्या. पाला मीच तोडते. वेगळी मजुरी त्याला लागत नाही, कारण सरपणाला आणि निंदणीला जाताना आकडी बरोबर असते. येताना भारा येतो. पण सगळ्यांना पुरेल एवढा कधीच येत नाही, म्हणून मी तो वाटत नाही. ज्यांना गरज आहे त्यांना आधी.

गरज कशी ओळखायची, ते आम्हाला एका शिबिरात शिकवलं. मेंढीचं डोकं काखेत धरायचं. एका अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर हलकी दाबायची, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी ओढायची. आतलं मांस आपोआप बाहेर येतं. ते डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल असेल तर काही करायचं नाही. गुलाबी असेल तर लक्ष ठेवायचं. पांढुरकं दिसलं की औषध. सावलीत नाही बघायचं, उन्हात बघायचं, आणि पापणी धरून ठेवायची नाही, कारण धरून ठेवली की रंग बदलतो. मी पावसाळ्यात दर पंधरा दिवसाला बघते. पांढुरकी निघाली तिच्या शिंगाला नाहीतर कानाला रंग लावते. गंमत म्हणजे रंग परत परत त्याच त्या मेंढ्यांना लागतो.

गुरांचा_दवाखाना:
ताई, उत्तम लिहिलंत. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत निघाली, तिला फमाचा म्हणतात. छापील कार्डावर लाल ते पांढरा असे पाच रंग असतात. चौथ्या-पाचव्या रंगाला औषध द्यायचंच. कोकरं आणि गाभण मेंढ्या तिसऱ्याला आल्या तरी द्यायचं. मोबाइलवरच्या फोटोशी रंग जुळवू नका, पडद्यावर रंग बदलतो. कार्ड नसेल तर ताईंसारखी नजर बसवावी लागते.

आणि त्याच त्या मेंढ्यांना रंग लागतो, हे तुमचं निरीक्षण फार मोलाचं आहे. कळपातले बरेचसे जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात. तीच सगळं रान नासवतात. अशी मेंढी बाजार दाखवण्याच्या लायकीची, आणि तिचं नर कोकरू तर पैदाशीला ठेवायचंच नाही. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं लेंडीतली अंडी मोजून, कमी अंड्यांची जनावरं निवडत कळप तयार करण्याचं काम केलं आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं जुळी कोकरं मिळावीत म्हणून बंगालची गरोळ मेंढी दख्खनीशी जुळवली. ती गरोळही हिमॉन्कसला चांगली तोंड देते. हा गुण रक्तात असतो, पाल्यानं येत नाही.

हिरवा_बांध:
भूम तालुक्यातून. मी पाला लावून घेतला आहे, त्याचं सांगतो.

बांधावर सुबाभूळ आणि शेवरी, पाणी पोचतं तेवढ्या तुकड्यात दशरथ घास. दशरथ दिसायला सुबाभळीचंच धाकटं रूप, बुडातून कापली की फुटते, दीड महिन्यानं पुन्हा कापणीला येते. सुबाभळीतलं मिमोसीन हे विषारी द्रव्य तिच्यात नसतं, म्हणून मी मेंढरांना ती जास्त देतो. सुबाभूळ मात्र मोजून. एका उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या मेंढरांना दुसरं काही मिळेना म्हणून नुसती सुबाभूळ पडत होती, तर लोकर झडून अंगाची सालटं दिसायला लागली. एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

एक प्रश्न डॉक्टरसाहेबांना. लसूणघासही माझ्याकडं आहे. तिचाही जंतावर असाच उपयोग होतो का?

गुरांचा_दवाखाना:
लसूणघासात टॅनिन जवळपास नाही. बरसीमचंही तेच. पण दोन्हींत प्रथिन भरपूर, त्यामुळं मेंढी जंत सोसायला तयार होते. सरकी पेंडेची मूठ तेच काम करते. टॅनिनसाठी बाभूळ, हिवर, बोर, सुबाभूळ, दशरथ. जांभूळ आणि पेरूचा पालाही तुरट. परदेशात लेस्पेडिझा, सेनफॉइन, चिकोरी ही पिकं जंतासाठी मुद्दाम पेरतात आणि त्यांवर काम पुष्कळ झालंय. त्यांची बियाणी शोधत बसू नका. आपल्या माळावर जे पावसावाचून जगतं ते आपलं.

प्रमाण बालाघाटींनी विचारलं होतं. ३० किलोची मेंढी दिवसाला कोरडा धरला तर किलोभर चारा खाते. त्यातला पाव ते तिसरा हिस्सा पाला, म्हणजे हिरवा तोडला तर पाऊण ते एक किलो. एकूण चाऱ्यात टॅनिन दोन ते चार टक्के असलं की फायदा. पाच-सहाच्या पुढं गेलं की चारा पचत नाही, मेंढी तोंड फिरवते. म्हणून एकाच झाडाचा ढीग टाकू नये. मिसळ चालते.

गाळपेर:
पैठणच्या वरच्या अंगाला, जायकवाडीच्या फुगवट्यालगत आमचं गाव. पाणी ओसरलं की गाळपेरात मेंढरं जातात. आमच्याकडं बाभळी भरपूर, पालाही खातात, तरी हिवाळ्यात डोळे पांढरे आणि गळ्याखाली पाणी. मग पाल्याचा काय उपयोग झाला?

गुरांचा_दवाखाना:
गाळपेर, तुमचा जंत बहुतेक वेगळा आहे. फुगवट्याच्या, तळ्याच्या काठी गोगलगायी असतात आणि त्यांच्या मार्फत यकृतातला चपटा कृमी येतो. तोही रक्त घालवतो, डोळे तेवढेच पांढरे करतो. पाल्याची सगळी चर्चा चौथ्या पोटातल्या गोल जंताची आहे, चपट्याला ती लागू नाही. त्याचं औषधही वेगळं. लेंडीची तपासणी करताना चपट्या कृमीसाठी तळाचा गाळ बघायला सांगा, कारण त्याची अंडी जड असतात, वर तरंगत नाहीत. आणि मेंढरं काठाच्या ओल्या पट्ट्यातून उठवा, पाणी हौदावर पाजा.

मन्याड:
डॉक्टरसाहेब, पळसपापडीचं राहिलं. आणि आमच्याकडं काहीजण मोरचूद पाजतात, काही तंबाखूचं पाणी.

गुरांचा_दवाखाना:
मोरचूद आणि तंबाखू दोन्ही बंद करायला सांगा. मोरचुदात तांबं असतं आणि सगळ्या जनावरांत मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस लाल लघवी, पिवळे डोळे होऊन चांगली मेंढी जाते. तंबाखूत तर सरळ विष आहे.

पळसाच्या बियांवर प्रयोग झालेत, मेंढ्यांवरही. अंडी कमी होतात, पण औषधाइतकी नाहीत. कडुनिंबाचे निकाल उलटसुलट आहेत. पाला मेंढ्या आवडीनं खातात तर खाऊ द्या, जंतासाठी त्यावर विसंबू नका.

फिरता_वाडा:
हा धागा पुतण्यानं वाचून दाखवला, तोच लिहून घेतोय. आमचा वाडा दिवाळीनंतर गंगथडीला उतरतो. सोयाबीन निघालेलं असतं, मग कापसाची पऱ्हाटी, मग तुरीचा पाला. शेतकरी रानात बसवून घेतात, खत होतं, रात्रीचे पैसे नाहीतर धान्य देतात. एका रानात दोन-तीन रात्री, पुढं चाल.

आमच्या आज्याला अळी माहीत नव्हती. पण दव उतरल्याबिगर तो मेंढरं सोडत नसे. पावसाळ्यात ओढ्याला नेत नसे, माळालाच. बसल्या जागेवर परत चारत नसे. डॉक्टरसाहेबांनी जे लिहिलंय ते सगळं त्याच्या चालीत होतं.

आता ती चाल ठेवायची कुठं? गायरानावर अतिक्रमण, कुठं प्लॉट पडले. वनखात्याच्या हद्दीत आकडी घेऊन शिरता येत नाही. पूर्वी बांधावर बाभूळ असायची, शेतकरी म्हणायचा, शेंडा ठेव, बाकी छाट. आता जेसीबीनं बांधच काढले, बाभळी वीटभट्टीला गेल्या. जनावर एका ओढ्याकाठी महिना महिना अडकतं. तिथंच हागतं, तिथंच खातं. औषध चालत नाही म्हणून पोरं दुकानदाराला शिव्या घालतात. मला वाटतं आधी झाडं गेली, मग चाल गेली, मग औषध गेलं.

तुम्ही शिकलेली माणसं आहात. पाल्यात गुण आहे एवढं लिहून थांबू नका. झाड ठेवायला सांगा लोकांना.

कयाधूकाठ:
दादा, तुमचा शब्दन् शब्द खरा आहे. आमच्या गावात बांधावरची शेवटची मोठी बाभूळ गेली तेव्हा आम्हा बायकांना पाल्याला दोन शिवारं ओलांडून जावं लागलं.

गुरांचा_दवाखाना:
वाड्यावरच्या मंडळींना नमस्कार. तुमच्या आजोबांच्या चालीला पुस्तकी आधार देतो. फिजी, टोंगासारख्या गरम दमट बेटांवर रानाचे दहा भाग पाडून जनावरं एकेका भागात साडेतीन दिवस ठेवली. पहिल्या भागावर ती परत यायला महिना लागतो. उष्ण ओल्या हवेत अळी झपाट्यानं दमते, महिन्याभरात बहुतेक मरून जाते. जनावर तिथून अळी तयार व्हायच्या आत निघतं आणि अळी मेल्यावर परततं. ज्यांना फिरणं शक्य नाही त्यांनी वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, रात्रीपुरतीच न वापरता दिवसा रानात लावून असे तुकडे पाडावेत. चारच तुकडे झाले तरी काही नसण्यापेक्षा बरं.

बालाघाटी:
सगळ्यांचे आभार. आमच्या ओढ्याकाठाचं कोडं सुटलं.

आता वेळेचा प्रश्न पडला. पाल्याबरोबर बाभळीच्या शेंगाही द्याव्यात म्हणतो, पण त्या पिकतात उन्हाळ्यात, तेव्हा रानात अळी नसते. जंत वाढतो श्रावण-भाद्रपदात, तेव्हा शेंगा नसतात. वडील म्हणतात, शेंगा वाळवून पोत्यात भरून ठेवू. हे बरोबर आहे का? आणि आमच्या बऱ्याच मेंढ्या पावसाळ्यात गाभण असतात, त्यांना चालतील का?

आणखी एक. औषध खरंच मेलंय, की आम्ही कमी पाजतो, हे कळायचं कसं?

हिशोबी:
हाच प्रश्न मीही विचारणार होतो. आणि शेळ्यांचं मी बघितलं, डॉक्टरसाहेब. शेजारची बोरं, बाभळी काढल्यापासून आमच्या शेळ्या कालव्याच्या गवतावरच असतात. हा भाग माझ्या ध्यानात आला नव्हता. दशरथचं बी कुठं मिळेल?

हिरवा_बांध:
बी माझ्याकडचं देतो, संदेश करा. पेरायच्या आधी गरम पाण्यात घालून रात्रभर भिजत ठेवा, कवच टणक असतं. बाभळीचं बी तर वाड्यातच मिळतं. मेंढरांनी शेंगा खाल्ल्या की बी लेंडीतून आणि रवंथ करताना तोंडातून बाहेर पडतं. सकाळी वाडा झाडताना वेचा, ते चांगलं उगवतं. मी मृगाच्या तोंडावर बांधावर टोकतो. पहिली दोन-तीन वर्षं काटे लावून जपावं लागतं, नाहीतर आपलीच मेंढरं शेंडा खातात.

गुरांचा_दवाखाना:
बालाघाटी, शेंगा ठेवा, पण पूर्ण खडखडीत वाळवून आणि जमिनीपासून वर. ओल लागून बुरशी आली तर त्या शेंगा उकिरड्यावर. भरडून पेंडीत किंवा भुशात मिसळून द्यायच्या, नुसत्या घमेल्यात ओतायच्या नाहीत. मोठ्या मेंढीला दिवसाला शे-दीडशे ग्रॅमनं सुरुवात करा. शेंगांवर तुटून पडलेली जनावरं पोट बंद होऊन, कधी विषबाधा होऊन मेलेली आहेत. गाभण मेंढ्यांना शेंगा देऊ नका, त्यांना पाला आणि पेंड द्या. पावसाळ्यात पाला हिरवा असतोच, खरा भर त्यावर ठेवा. विण्याच्या आगेमागे मेंढीची ताकद उतरते आणि लेंडीतून अंडी जास्त पडतात, म्हणून त्या दिवसांत डोळे आठवड्याला बघा.

औषधाचं. आधी वजन. अंदाजानं पाजलं की निम्म्या मेंढ्यांना कमी जातं. ३० किलोच्या मेंढीला अल्बेंडाझोल २२५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे अडीच टक्क्यांच्या औषधाचे ९ मिली. बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते बघून हिशोब करा. जिभेच्या मुळावर सोडा, नुसतं तोंडात नको. गाभण राहून पहिला महिना-दीड महिना असलेल्या मेंढीला हे औषध देऊ नका, गर्भात व्यंग येतं.

मग परीक्षा. दहा-पंधरा मेंढ्यांवर खूण करा. पाजायच्या दिवशी प्रत्येकीची ताजी लेंडी, शक्यतो गुदद्वारातूनच, वेगळ्या पिशवीत घ्या. नाव-नंबर लिहा, बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवा. उन्हात राहिली तर अंडी फुटतात नि मोजणी चुकते. दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांची पुन्हा. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर औषध तुमच्या कळपात चालत नाही असं धरायचं, आणि मग दुसऱ्या गटातलं निवडायचं. तुम्हाला परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय सोयीचं पडेल, लातूर-नांदेडकडच्यांना उदगीरचं. नेण्याआधी आपल्या दवाखान्यातून चिठ्ठी घ्या. आकडे आले की इथं टाका, पुढचं औषध त्यावरून ठरवू.